त्यांच्या मातीला हात लावू नकोस

लेकरा,

तुझा निरोप वाचला. रविवारची कुंभारकामाची बॅच, आठ जण, चार चाकं, दोन तास. शेवटच्या 20 मिनिटांत तू एकेकाच्या चाकावर बसून भांडी घडवून देतेस आणि वर विचारतेस, यात वाईट काय? लोक पैसे मोजतात, घरी न्यायला काहीतरी हवं, रिकाम्या हाती गेले तर परत फिरकत नाहीत, स्टुडिओचं भाडं कोण भरणार? सगळं मान्य. तरी त्यांच्या मातीला हात लावू नकोस.

तू हात घातलास की अर्ध्या मिनिटात माती चाकाच्या मध्यावर येते आणि समोरच्याला वाटतं, आपलं जरासंच चुकत होतं. जरासं नसतं ते. त्याची कोपरं हवेत असतात. कोपर मांडीला किंवा कमरेला घट्ट टेकलेलं नसेल तर फिरती मातीच हाताला हलवते, आणि हलत्या हाताखाली माती कधीच मध्यावर येत नाही. तिथं 'कोपर टेकव' एवढं म्हटलं की काम भागतं. पण कोपर दिसायला तुझी नजर त्याच्या खांद्यापासून मनगटापर्यंत फिरायला हवी. हात मातीत गेले की तुला माती दिसते, माणूस दिसत नाही.

जोर किती लावायचा हे त्याला शब्दांत कळणार नाही. मग तुझा तळहात पुढे कर आणि त्याला त्यावर रेटायला सांग. बहुतेक जण एकतर घाबरत दाबतात, नाहीतर झटके देतात. हवा तो सलग, न वाढणारा, न कमी होणारा दाब. तो तुझ्या तळहातावर जमला की मग मातीवर. सोडतानाही हात हळूहळू उचलायचा. पटकन काढला की मध्यावर आलेला गोळा पुन्हा डुगडुगतो.

खरं सांगायचं तर तुला हात घालावासा वाटतो त्यातली अर्धी भानगड चाकाच्या आधीच झालेली असते. नवख्याला किलोचा गोळा देऊ नकोस, 400 ते 500 ग्रॅम पुरे. बोट दाबलं तर ठसा स्वच्छ उमटावा, बोटाला माती चिकटू नये. मळणं त्याचं त्यानं करायचं. चाळीस-पन्नास वेळा मळून झाल्यावर गोळा तारेनं मधोमध कापायला लाव. कापलेल्या तोंडावर भोकं किंवा कडक गाठी दिसल्या तर पुन्हा मळायला लाव. तू आदल्या रात्री बसून सगळ्यांचे गोळे मळून ठेवतेस म्हणे. का? तोही हात लावणंच झालं की.

आता घरी न्यायचा प्रश्न. पहिल्या रविवारी चाक सुरूच करू नकोस. 150 ग्रॅमचा गोळा, अंगठा आणि दोन बोटं, त्यातून पणती किंवा सुगडाएवढं बोळकं. भिंत सगळीकडे पेन्सिलीच्या जाडीची, काठ ओल्या कातड्याच्या तुकड्यानं दाबलेला. वाकडं होईल, होऊ दे. दिवाळीला त्यात वात लावली तर ती पणती त्याची असेल. तू घडवून दिलेला कप तो घरी 'मी केला' म्हणून दाखवतो तेव्हा त्यालाही ठाऊक असतं, आणि तो परत येत नाही ते त्यामुळेच.

चाकावरची पहिली सगळी भांडी उभी कापायची. लोकांच्या जिवावर येतं, तोंडं पडतात, एखादी बाई रुसेलही. कापच. कापल्यावर दिसतं की तळ दोन सेंटीमीटर, भिंतीचा खालचा भाग तेवढाच जाड, वर काठाशी मात्र पापुद्रा. माती खालून वर आलीच नाही. तळ नंतर खरवडायचा असेल तर आठ ते दहा मिलिमीटर पुरतो. सुई टोचून मोजायला शिकव. एका उभ्या कापानं जे कळतं ते तुझ्या दहा वाक्यांनी कळत नाही. तुझंही एक भांडं त्यांच्यासमोर काप, म्हणजे कुरकुर थांबते.

तळाला इंग्रजी एस अक्षरासारखी चीर का जाते, हे तू वेगळं विचारलं आहेस. वेगळं नाही ते. नवख्याच्या भांड्याच्या तळात पाणी साचतं आणि तो तळ दाबत नाही. पाणी स्पंजनं टिपायचं, मग बोटानं किंवा लाकडी पट्टीनं मध्यापासून कडेकडे आणि परत, तीन-चार वेळा, दाबून फिरवायचं. दुसरं कारण आपली हवा. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर, झळा खिडकीतून आत. काठ तासाभरात पांढरा पडतो आणि तळ ओलाच. काठ आकसून बसला, तळ नंतर आकसायला लागला की ताणानं फाटतो. पंखा बंद. भांड्यावर सैल प्लास्टिक, भोवती ओलं गोणपाट, काठ हात लावण्याइतका टणक झाला की भांडं पालथं. कप असेल तर कान जोडल्यावर दोन दिवस झाकून ठेवायचा, नाहीतर कान सुटून येतो. झाकायचं कामही विद्यार्थ्यानंच करायचं. तू रात्री जाऊन झाकलंस तर त्याला वाटेल भांडी आपोआप वाळतात.

पोळ्याला मुलांनी केलेले बैल भट्टीत फुटले, त्याला तू मातीतल्या हवेचे बुडबुडे कारण धरलेस. हवेनं भांडं फुटत नाही, पाण्यानं फुटतं. बैलाचं पोट इंचापेक्षा जाड होतं, वरून वाळलेलं, आत ओलं. पाण्याची वाफ झाली आणि तिला वाट मिळाली नाही. पोट खालून कोरून पोकळ करायला लाव. भट्टीत ठेवण्याआधी बैल गालाला लावून बघायचा, गार लागला तर अजून ओला आहे. मग 90 अंशांवर दोन-तीन तास झाकणाला फट ठेवून, 600 पर्यंत तासाला 100 अंशांच्या आत, पुढे जरा भरभर 1000 पर्यंत. 573 अंशांच्या आसपास गारगोटीचे कण एकदम फुगतात, थंड होताना तिथंच आकसतात, म्हणून उतरतानाही घाई नको. मध्येच लाईट गेली तर झाकण उघडून बघू नकोस. पहिल्या भाजणीत फार नुकसान होत नाही, लाईट आली की आहे त्या तापमानापासून पुढे चालू कर.

तळ्यातला गाळ आणलास, चांगलं केलंस. पण पणत्यांवर आठवड्यानं पांढरे ठिपके येऊन कपच्या उडाल्या, तो चुना. आपल्या मातीत चुनखडीचे खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, तो हवेतली ओल शोषून फुगतो आणि वरची खपली उडवतो. गाळ पाण्यात पातळ कालवून 80 नंबरच्या जाळीतून गाळ. नुसती काळी माती घेऊ नकोस, ती ओल पिऊन फुगते आणि वाळताना भेगाळते. पाचवा हिस्सा बारीक वाळू किंवा भाजलेल्या मातीची पूड घाल. या मातीची ओली पट्टी करून त्यावर 10 सेंटीमीटरची रेघ मार, भाजल्यावर मोज. 8.8 भरली तर 12 टक्के आकसली. ही पट्टीही प्रत्येकानं स्वतःची करायची, तुझी उसनी घ्यायची नाही.

मला खडूस म्हणतात ते कानावर आहे. म्हणोत. माझ्याकडे माणसं कमी टिकतात हेही खरं, पण टिकतात त्यांच्या शेजारी कोणाला बसावं लागत नाही. तेरच्या गोरोबाकाका कुंभारांनी डोक्यावर थापटणं मारून संत नामदेवांना कच्चं ठरवलं, भाजून दिलं नाही. त्यासाठी नामदेवांना औंढ्याला गुरू विसोबा खेचरांकडे स्वतःच्या पायांनी जावं लागलं. तेरला लामतुरे संग्रहालयात बॅच घेऊन जा. तिथल्या सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्ती बघायला लाव, दोन साच्यांत दाबून जोडलेल्या, आतून पोकळ. जोड शोधायला सांग. तू बोटानं दाखवू नकोस.

पाण्याचं एक राहिलं. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, म्हणून नळाखाली हात धुवायचे लाड आपल्याकडे नकोत. तीन बादल्या ओळीनं ठेव: पहिलीत चिखल, दुसरीत खळबळणं, तिसरीत शेवटचं. रात्रभरात माती तळाशी बसते, वरचं पाणी पुन्हा वापरायचं, खालचा रबडा प्लास्टरच्या लादीवर पसरून परत मळायला. फरशी कोरड्या झाडूनं झाडू नकोस, ओल्या फडक्यानं पूस. ती धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही, आणि रोज आत असणारी तूच आहेस.

येत्या रविवारी हात पाठीमागे बांधून उभी राहा. अवघडल्यासारखं होईल. कोणी हाक मारली तर जवळ जा, खाली वाक, कोपराकडे बघ.

ता. क. – ग्लेझचं, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाचं, पुढच्या पत्रात. तोवर लाल मातीच्या भांड्यांवर बाजारातलं शिशाचं चकचकीत ग्लेझ लावू देऊ नकोस, कितीही स्वस्त असलं तरी. त्यात लोक लोणचं ठेवतात.