पायांच्या नसांच्या (मज्जातंतूंच्या) दुखण्यावर लेझरचं महागडं पॅकेज घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की तळपाय रात्री जळजळतात, आणि २० बैठकांचे पैसे आगाऊ मागताहेत. कृपा करून आजच पैसे भरू नका.

आधी कारण शोधा. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), बी१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, किडनी या तपासण्या त्या पॅकेजपुढे किरकोळ खर्चाच्या आहेत. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ हमखास बघा, ते कमी झालेलं असू शकतं आणि भरून काढता येतं. 'नसांची ताकद' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या डबीवर बी६ किती आहे तेही वाचा. जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर तेच नसांना इजा करतं, मुंग्या वाढतात. हे फार कमी जणांना माहीत असतं.

लेझर, इन्फ्रारेडने काहींना तात्पुरतं बरं वाटतं, पण खराब झालेली नस पुन्हा बरी होते याचा भक्कम पुरावा नाही. ड्युलोक्सेटिन, प्रीगॅबालिन या औषधांनी वेदना कमी होऊ शकते, डॉक्टरांना विचारा. तरीही लेझर करून बघायचंच असेल तर एकेका बैठकीचे पैसे द्या, आणि रोज झोपताना वेदनेला १० पैकी गुण वहीत लिहा.

आणि हो, रोज रात्री आरशात तळवे बघा. बधिर पायाला जखम कळत नाही.