हिमालयातला पहिला ट्रेक आणि चार्जिंग

आठ दिवसांच्या ट्रेकसाठी सोलर पॅनेल घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे; पहिल्या खेपेला ते घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण सॅकवर लटकवलेल्या छोट्या पॅनेलवर चालताना बराच वेळ सावलीच असते. त्याऐवजी 20,000 एमएएचची एक चांगली पॉवर बँक पुरेल. मात्र छापील आकड्यावर हिशेब मांडू नका: व्होल्टेज बदलताना होणारी घट धरली, तर प्रत्यक्षात साधारण 12,000 ते 13,000 एमएएचच हाती लागतात, म्हणजे 4,500 एमएएचचा फोन जेमतेम पावणेतीन वेळा भरतो.

खरी बचत फोनमध्येच होते. रेंज नसली की फोन सतत टॉवर शोधत बसतो, म्हणून निघतानाच एअरप्लेन मोड लावा. जीपीएस आणि आधी उतरवून घेतलेले नकाशे त्यातही चालतात.

नवखे लोक थंडीकडे हमखास दुर्लक्ष करतात. तंबूच्या खिशात राहिलेला माझा फोन एका पहाटे चाळीस टक्के दाखवत असतानाच बंद पडला आणि स्लीपिंग बॅगेत ऊब मिळाल्यावर पुन्हा सुरू झाला. तेव्हापासून फोन आणि पॉवर बँक लोकरी मोज्यात घालून मी पोटाशी घेऊन झोपतो. शून्याखाली गारठलेली बॅटरी तशीच चार्ज केली तर तिचे कायमचे नुकसान होते; आधी तिला ऊब द्या.

केबल दोन घ्या. विमानाने जाणार असाल, तर पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा.