हा फुलर कोण?

मुलतानी मातीच्या पुड्यावर इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’ छापलेलं असतं. हा फुलर कोणी शास्त्रज्ञ होता का, असा प्रश्न आला आहे. नाही. फुलर हा धंदा. आपल्याकडे साळी, रंगारी, तसा इंग्लंडात फुलर. त्याला मराठीत परीट म्हणावं तर परीट नुसता धुतो. फुलर कापडाचं अंगच बदलायचा.

लोकरीचं कापड मागावरून उतरतं तेव्हा विरविरीत आणि तेलकट असतं. मेंढीच्या अंगचा चिकटपणा असतोच, वर कातण्याआधी चोळलेलं तेल. मग ते कापड हौदात टाकायचं, साठवून शिळं केलेलं मूत ओतायचं (हो, घरोघरून गोळा केलेलं, त्यातल्या अमोनियाने मळ सुटतो), तेल शोषायला ही माती घालायची आणि तासन्‌तास पायांनी तुडवायचं. तंतू एकमेकांत गुंततात, कापड आटून दाट होतं. या मातीचं मोल एवढं, की 17व्या शतकात इंग्लंडात तिच्या निर्यातीवर बंदी होती. आज चेहऱ्यावरही ती तेच करते, तेल ओढून घेते. आपण तिला गावाचं नाव दिलं, इंग्रजांनी गिऱ्हाइकाचं.

खरी गंमत आडनावांत आहे. हाच धंदा करणारा दक्षिण आणि पूर्व इंग्लंडात फुलर, नैर्ऋत्येला टकर आणि उत्तरेकडे वॉकर! फुलरचं मूळ लॅटिन ‘फुल्लो’. टकर ज्या जुन्या इंग्रजी क्रियापदावरून आला त्याचा अर्थ छळणे, बिचारं कापड. एक्सेटरमध्ये या मंडळींच्या संघाची 1471 सालची वास्तू ‘टकर्स हॉल’ आजही उभी आहे. वॉकर म्हणजे ‘चालणारा’ असं आपण धरून चालतो, पण ‘वॉक’चा जुना अर्थ लोळवणे, घुसळणे असा होता, पायी चालण्याचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. तेव्हा जॉनी वॉकरच्या बाटलीवर टांगा टाकत निघालेला तो ऐटबाज गृहस्थ म्हणजे आडनावावरची कोटीच समजा.

12व्या शतकाच्या अखेरीपासून पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे हे काम करू लागले. वेल्समध्ये अशा चक्कीला ‘पंडी’ म्हणतात. टोनीपंडी या गावाच्या नावात ती आहे. यंत्र आलं, तुडवणं गेलं, आडनावं मात्र राहिली. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर तर अगदी 20व्या शतकातही बायका फळीभोवती बसून ओलं ट्वीड आपटत आणि आपटण्याच्या ठेक्यावर गाणी म्हणत, आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखी. त्या गाण्यांना इंग्रजीत ‘वॉकिंग साँग्ज’ म्हणतात; स्पेलिंगमध्ये एक ‘यू’ जास्त, चालण्याशी संबंध शून्य.