घरी हर्बल चहा करताना काय टाकावं, किती उकळावं आणि त्यातून काय अपेक्षा ठेवावी?

तुम्ही विचारलंय की दुधाचा चहा कमी करायचा आहे, दुकानातले हर्बल चहाचे डबे परवडत नाहीत, तर घरी करताना काय काय टाकावं, चव कशी लागते, सर्दी, अपचन, झोप यांवर त्याचा खरंच उपयोग होतो का, आणि गवती चहाचं रोप घरी कसं लावायचं. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. यातलं बरंचसं आमच्या परसात, धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) नाहीतर किराण्याच्या दुकानात मिळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कृती सांगतो, कारण चव तिथेच बिघडते. लोक तुळस, अद्रक, दालचिनी, गवती चहा असं सगळं एकाच गंजात (पातेल्यात) टाकतात आणि पंधरा मिनिटं खदखदा उकळतात. घरभर वास सुटतो, कपात मात्र कडवट पाणी उरतं. पानाफुलांचा वास त्यांच्यातल्या उडून जाणाऱ्या तेलात असतो, तो वाफेबरोबर निघून जातो. मुळं, साली, सुकलेली कांडं यांचं उलट आहे, उकळल्याशिवाय ती काही सोडत नाहीत. आमच्या मोठ्या आईचं यावर एकच म्हणणं असतं: "तुयशीचे पानं असे उकयत नसते बापा, वास निंघून जाते ना सारा!" म्हणून सुंठ, दालचिनी, जेष्ठमध आधी आठ-दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा, गॅस बंद करा, मग पानं टाका आणि पाच-सात मिनिटं झाकून ठेवा.

आयुर्वेदातही काढा (उकळून आटवलेला) आणि फांट (गरम पाण्यात नुसता मुरवलेला) असे हे दोन वेगळे प्रकार आहेत. शार्ङ्गधर संहितेतलं काढ्याचं प्रमाण म्हणजे एक भाग औषधाला सोळा भाग पाणी, आणि ते आटवून आठवा हिस्सा ठेवायचं. ते औषध झालं, वैद्यानं सांगितलं तर घ्यावं. रोज कपभर प्यायला इतकं आटवायची काही गरज नाही.

सुरुवात गवती चहापासून करा. पावसाळ्यात त्याचा ठोंब कमरेइतका होतो आणि पानाच्या कडेनं बोट कापतं, त्यामुळे हातानं ओढू नका, विळ्यानं कापा. दोन कपांना तीन-चार पाती पुरतात. पाती धुवून त्यांची सैल गाठ मारायची, म्हणजे गाळताना त्रास होत नाही आणि पात्याला मुरड पडल्यामुळे वासही चांगला सुटतो. उकळून उतरवलेल्या पाण्यात ती गाठ सोडा आणि वर झाकणी ठेवा. पाच मिनिटांनी झाकणी उचलली की आतल्या बाजूला जे थेंब जमलेले असतात त्यांना लिंबासारखा वास येतो. ते थेंब बाहेर झटकू नका, गंजातच पडू द्या. हा वास सिट्रल नावाच्या घटकाचा, लिंबाच्या सालीतही तो असतो. चवीला हा चहा हलका, किंचित गोडसर. पोट फुगलं, अंग मोडून आलं की खेड्यापाड्यांत हाच पाजतात. पुरावा विचाराल तर फार मोठा नाही, पण गरम पाण्यानं बरं वाटतं आणि वासानं जीव हलका होतो, मला तेवढं पुरतं.

अद्रक आणि सुंठ एकाच मापानं टाकू नका. अद्रक वाळताना त्यातल्या जिंजेरॉल या तिखट घटकाचा काही भाग शोगाओलमध्ये बदलतो आणि ते जास्त तिखट असतं. म्हणून ओल्या अद्रकाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा चालतो, पण सुंठीची चिमूट पुरे. मळमळीवर अद्रकाचा उपयोग अभ्यासांतूनही दिसलेला आहे. या यादीत इतका भक्कम आधार फारच थोड्या वस्तूंना मिळेल. तुळशीची चव लवंगेच्या जवळ जाते, दोन्हींत युजेनॉल हा वासाचा घटक असतो, म्हणून दोन्ही एकत्र टाकली तर एकीचा वास दुसरीत हरवतो. एक काय ते निवडा.

दालचिनी बाजारात मिळते ती बहुतेक जाड, कडक सालीची, कॅशिया. तिच्यात कुमारिन असतं आणि रोज भरपूर पोटात गेलं तर यकृताला ते चांगलं नाही. नखाएवढा तुकडा टाकला तर काळजीचं कारण नाही, चमचा-चमचा पूड टाकणं मात्र सोडा.

आता अंबाडी. इकडे अंबाडीची भाजी सगळ्यांना माहीत आहे, ज्वारीच्या भाकरीबरोबर तिला तोड नाही. लाल बोंडांच्या अंबाडीचा चहा मात्र शहरात जास्त पितात. महागड्या डब्यांवर जास्वंदाचं चित्र असतं, पण आतला तो आंबट लाल रंग बहुतेक वेळा या बोंडांचाच असतो. दिवाळीच्या पुढेमागे बोंडं भरतात. मधली हिरवी बी खालून काडीनं दाबून काढायची आणि वरच्या लाल पाकळ्या सावलीत सुती कापडावर वाळवायच्या. उन्हात टाकल्या तर रंग उतरतो. चार-पाच बोंडांच्या पाकळ्या कपभर गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवल्या की पाणी डाळिंबी होतं. चव चिंच आणि बोराच्या मधली, थोडा गूळ मागते. करताना स्टीलचंच भांडं घ्या, जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) पातेल्यात आंबट नको. आणि दूध अजिबात नाही, लगेच फाटतं. रक्तदाब थोडा कमी होतो असं काही अभ्यासांत दिसलंय. त्यामुळे ज्यांना बीपीची गोळी चालू आहे त्यांनी याचे मोठे मोठे ग्लास रिचवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा आमच्याकडे एरवी सुंठ-मिऱ्याच्या वाटेला कोणी जात नाही. पण २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, आयुष मंत्रालयानं आयुष क्वाथाचं (काढ्याचं) प्रमाण दिलं होतं: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरे एक. या मिश्रणाची तीन ग्रॅम पूड दीडशे मिली उकळत्या पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा. आमच्या गावात लोकांनी ऐन उन्हाळ्यात तेच लोटा भरभरून प्यायलं आणि मग तोंड आलं, छातीत जळजळतं म्हणून ओरडत बसले. उन्हाळ्यात धने, जिरे आणि सोप (बडीशेप) समसमान घ्या, जाडसर कुटा, चमचाभर पूड ग्लासभर पाण्यात रात्री भिजवा आणि सकाळी गाळून प्या. शिजवायचं काहीच नाही. चव थंड, मागून सोपेची गोडी. जेवणानंतर पोट जड होत असेल तर हेच मिश्रण हिवाळ्यात गरम पाण्यात करता येतं.

संत्र्याची साल वाळवून टाकण्याची हौस हल्ली आली आहे. आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात निघतात, तेव्हा साल चिक्कार मिळते. पण फवारणी सालीवरच बसते. ओळखीच्या बागेतली असेल तर घ्या, गरम पाण्यानं घासून धुवा आणि आतला पांढरा भाग खरवडा, नाहीतर कडू होतं. गडचिरोलीकडे वाळलेलं मोहफूल असतं, दोन फुलांत कप गोड होतो. वास मात्र सगळ्यांना झेपत नाही, पाहुण्यांना न विचारता देऊ नका.

हळदीचं थोडक्यात. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, रंगाला ती जबरदस्त. पण हळदीतलं पिवळं द्रव्य, कुरकुमिन, पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे नुसत्या पाण्यात हळद टाकली तर बराचसा गाळ तळाशीच बसतो. हळद दुधात घ्या, वर मिऱ्याची पूड भुरभुरा.

सर्दी-खोकल्याला जेष्ठमधाची काडी चांगली, घसा ओला राहतो आणि साखरेची गरज पडत नाही. पण बीपी असलेल्यांनी रोज घेऊ नये, जास्त दिवस घेतल्यानं रक्तदाब चढतो आणि शरीरातलं पोटॅशियम घटतं. अडुळसा खोकल्यासाठी जुना आणि नावाजलेला आहे. त्यातल्या व्हॅसिसिनवरूनच पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. चव इतकी कडू की चहा म्हणून कोणी पिणार नाही. गरोदर बाईनं तर अडुळसा घेऊच नये. गुळवेल मी रोजच्या चहातून काढूनच टाकलीय. कोरोनाच्या काळात ती रोज घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला सूज आल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली होती. आयुष मंत्रालयाचं म्हणणं वेगळं पडलं, चुकीची वेल वापरली गेली असेल असं. धुऱ्यावरची वेल कोणती हे आपल्याला नेमकं ओळखता येत नसेल तर त्या वादात कशाला पडा?

झोपेचं सांगायचं तर या सगळ्यांत कॅफिन नाही, मोठा फायदा तोच. दुपारी चारनंतरच्या दोन कप चहाऐवजी सोपेचं किंवा गवती चहाचं पाणी घेतलंत तर झोप सुधारण्याची शक्यता चांगली. प्यालेल्या कॅफिनपैकी अर्धं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. वजन कमी होईल का, तर चहातली साखर जितकी कमी होईल तितकंच. गूळ टाकून मोजणी चुकवू नका, तीही साखरच. मध टाकणार असाल तर कप कोमट झाल्यावर टाका, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको.

तापाला मात्र काढ्यावर बसू नका. आमच्याकडे पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया असतोच, आणि २०१८ मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली होती. गवतातला बारीक किडा चावतो, त्या जागी काळी खपली धरते, ताप चढतो. डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधानं तो वेळेत बरा होतो, तुळशीनं नाही. दोन दिवस ताप हटला नाही, किंवा अंगावर अशी खपली दिसली, की थेट दवाखाना.

शेवटी तुमचा रोपाबद्दलचा प्रश्न. भाजीबाजारात मिळणारी गवती चहाची जुडी नुसत्या पात्यांची असते, ती लागत नाही. ओळखीच्या कुणाच्या परसातून खालच्या पांढऱ्या बुडख्यासकट, थोडी मुळं धरून दोन-तीन फुटवे मागून आणा. बारा इंची कुंडी, भरपूर ऊन, पाणी साचू द्यायचं नाही. जून-जुलैत लावलात तर पोळ्यापर्यंत कापायला येतो. कापताना जमिनीपासून चार बोटं सोडून कापा, म्हणजे पुन्हा फुटतो.