अॅल्युमिनियम गंजत नाही म्हणतात, मग वापरलेल्या अणुइंधनाच्या तलावात त्याला भोकं कशी पडतात?

तुम्ही विचारलंय की संशोधन अणुभट्टीचं वापरलेलं इंधन शुद्ध पाण्यात ठेवतात, अॅल्युमिनियम तर गंजत नाही, मग त्याच्या आवरणाला भोकं कशी पडतात. मी धातूंच्या क्षरणावर काम करतो आणि अशा पाण्यात चाचणीसाठी ठेवून काढलेल्या अॅल्युमिनियमच्या चकत्या तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. थोडक्यात सांगायचं तर पाणी खरोखर चांगलं असेल तर भोकं पडत नाहीत. सगळी मेख त्या 'खरोखर' मध्ये आहे.

आधी एक गोष्ट. वीजनिर्मितीच्या भट्ट्यांमधल्या इंधनाला झिर्कोनियमच्या मिश्रधातूचं आवरण असतं, त्याची चिंता वेगळी. संशोधन भट्टीत पाणी फारसं तापत नाही, म्हणून तिथे अॅल्युमिनियम चालतं: न्यूट्रॉन कमी खातं, पत्रा सहज लाटता येतो. पण हे आवरण किती जाड? इंधनाच्या बऱ्याच प्लेटींमध्ये जेमतेम ०.४ मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाएवढं. त्याच्या मागे लगेच युरेनियम.

'गंजत नाही' हा मोठा गैरसमज आहे. अॅल्युमिनियम मुळात फार तापट धातू. त्याला आवर घालते ती त्याच्यावरची ऑक्साइडची पातळ साय. ती फाटली तरी एरवी लगेच पुन्हा धरते. पाण्याचा पीएच साधारण ४ ते ८.५ च्या मध्ये असला तर ही साय विरघळत नाही, आणि सगळीकडून सारखी झीज इतकी कमी होते की पन्नास वर्षांतही काळजी नको.

त्रास होतो तो एका ठिपक्यात. पाण्यात क्लोराइड असेल तर ते सायीच्या कच्च्या जागी शिरतं: ओरखडा, मिश्रधातूतला लोहयुक्त कण, असलं काहीही. तिथला अॅल्युमिनियम विरघळतो, त्याचे आयन पाण्याशी अभिक्रिया करून आम्ल तयार करतात, आणि बाहेरचं पाणी उदासीन असलं तरी खड्ड्याच्या तळाशी पीएच ३-४ पर्यंत उतरतो. आम्लात साय पुन्हा धरत नाही. वर पांढऱ्या हायड्रॉक्साइडची गाठ बसते आणि आतलं आम्ल आतच कोंडून राहतं. एकदा हे चक्र सुरू झालं की खड्डा स्वतःच स्वतःला खणत जातो. पाण्यात तांब्याचे आयन असतील तर आगीत तेल, कारण तांबं पृष्ठभागावर बसून अॅल्युमिनियमला आणखी विरघळायला लावतं. अॅल्युमिनियम इंधन टांगायच्या स्टेनलेस स्टीलच्या हँगरला टेकलेलं असेल तरी तीच गत.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हर या अणुकेंद्राचं. तिथले तलाव इंधन काही महिने थंड करून पुनर्प्रक्रियेला (त्यातलं उपयोगी द्रव्य वेगळं काढायला) पाठवण्यासाठी बांधले होते. पुढे पुनर्प्रक्रिया अडली आणि इंधन तिथेच वर्षानुवर्षं पडून राहिलं. पाणी सतत शुद्ध करण्याची सोय तुटपुंजी होती. काही ठिकाणी पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, १५० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या वर गेली होती (चांगल्या तलावात ती १ च्या आसपास असते). १९९२ च्या सुमारास तिथे ठेवलेल्या नमुन्यांवर ०.७६ मिलिमीटर जाडीचं आवरण पार करण्याइतके खोल खड्डे अवघ्या ४५ दिवसांत पडले. मग पाण्यातले आयन काढणारे डीआयोनायझर लावले, तळाचा गाळ उपसला, वाहकता खाली आणली आणि खड्डे पडणं थांबलं. धातू तोच होता, फक्त पाणी बदललं.

मी केलेल्या तपासणीत काय दिसतं ते सांगतो. चकत्या एका रॅकवर ओवून पाण्यात सोडतात, काही एकमेकींना चिकटवून, काही स्टीलच्या चकतीला टेकवून. वर्षाने रॅक वर काढला की सुट्या चकत्या बहुतेक चकचकीत असतात, फार तर थोड्या काळवंडलेल्या. जोडीच्या चकत्या मात्र सुटतच नाहीत. मधे हायड्रॉक्साइड साचून त्या डिंकाने चिकटवल्यासारख्या होतात, हलक्या हाताने उचकटाव्या लागतात. फटीत ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून खरा घोळ तिथे. पांढरी गाठ साफ केली की खाली टाचणीच्या टोकाएवढं काळं छिद्र. त्याची खोली मोजायची तर सूक्ष्मदर्शक आधी काठावर फोकस करायचा, मग तळावर, आणि दोन वाचनांतला फरक घ्यायचा. सोपं वाटतं, पण तळ तिरका असला की तो सापडता सापडत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला सुरुवातीला पटलीच नव्हती. आडव्या ठेवलेल्या चकत्यांवर उभ्यांपेक्षा जास्त खड्डे पडतात, तेही वरच्या बाजूला. कारण धूळ. हवेतली माती, गंजलेल्या लोखंडाचे कण खाली बसतात आणि प्रत्येक कणाखाली एक छोटी फट तयार होते. वाहकता मोजणाऱ्या यंत्राला ही धूळ दिसत नाही. आकडा १ दाखवत असतो आणि खाली खड्डे पडत असतात. म्हणून 'आमचं पाणी एकदम शुद्ध आहे' असं कुणी नुसता आकडा दाखवून सांगितलं की मी आधी क्लोराइड वेगळं मोजलंय का विचारतो, आणि मग तळाचा व्हॅक्युम शेवटचा कधी मारला ते.

भोक पडलंच तर? स्फोट वगैरे काही होत नाही. युरेनियम-अॅल्युमिनियमचा गाभा पाण्यात हळूहळू झिजतो आणि मुख्यतः किरणोत्सारी सीझियम-१३७ पाण्यात उतरतं. पाण्याच्या नमुन्यात ते वाढलेलं दिसलं की संशयित इंधन बंद भांड्यात थोडा वेळ ठेवून त्यातलं पाणी तपासतात. गळका नग सापडला की त्याला वेगळ्या बंद डब्यात ठेवायचं. बाकीच्यांचं आवरण किती उरलंय याचा अंदाज मात्र त्या रॅकवरच्या चकत्याच देतात, म्हणून त्या इंधनाच्या अगदी शेजारी आणि त्याच मिश्रधातूच्या हव्यात.