चेनचा हार्वेस्टर घेताना

प्रश्न : गोंदियाकडे भाड्याने धान कापायचा धंदा करायचाय. चेनचे, म्हणजे चाकांऐवजी रबरी पट्ट्यांवर चालणारे, दोन हार्वेस्टर पाहिलेत. एक अख्खं धान आत ओढतो, दुसरा फक्त लोंब्या झोडतो. कोणता घेऊ?

उत्तर : भाऊ, दुसऱ्यात तणस अखंड राहते, जनावरंवाले खूश. पण तो महाग, कलपुर्जे नाजूक आणि हरभरा, सोयाबीन त्यात चालत नाही. धानानंतर मशीन उभी ठेवून हप्ते कसे फेडाल? मी पहिलाच घेईन.

जुना असेल तर रबरी पट्ट्यावर हात फिरवा. आतली पोलादी तार उघडी पडली असेल तर पाणी शिरून ती गंजते. मग ऐन हंगामात पट्टा बांधीतच (धानाच्या शेतातच) तुटतो. नवी जोडी स्वस्त नाही. मशीन रस्त्यानं न्यायला ट्रेलरही हिशेबात धरा. डांबरावर पट्टे घासतात, तिथं चाकवालाच बरा.