कमी जादूच्या फँटसी जगात कॉस्मिक हॉरर चालवायचा असेल तर कोणतं सेटिंग निवडावं?

तुमचे चारही खेळाडू डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या फिफ्थ एडिशनवर वाढलेले आहेत, तुम्हाला कॉस्मिक हॉररचं, म्हणजे माणसाची पर्वा नसलेल्या विश्वाच्या भीतीचं, लांब कॅम्पेन (अनेक बैठकांची सलग गोष्ट) चालवायचं आहे, आणि डी अँड डीचं फॉरगॉटन रेल्म्स हे जग त्यातली जादू छाटून वापरावं की दुसरं तयार जग घ्यावं, आणि खेळाडूंना आधी सांगावं का, असे तुमचे प्रश्न आहेत. दुसरं जग घ्या. माझी पसंती हार्नला आहे.

आधी फॉरगॉटन रेल्म्स का नको ते सांगतो. कॉस्मिक हॉररमधली भीती राक्षसाच्या दातांची नसते. ज्या व्यवस्थेच्या भरवशावर आपण जगत होतो, ती मुळात तशी नव्हतीच हे कळण्याची ती भीती आहे. त्यासाठी आधी व्यवस्था घट्ट हवी, आणि खेळाडूंचा तिच्यावर विश्वास बसायला हवा. फॉरगॉटन रेल्म्समध्ये 1358 साली देव स्वतः जमिनीवर उतरले होते आणि लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं, हा तिथला नोंदलेला इतिहास आहे. अशा जगात ताऱ्यांपलीकडून काही आलं तर लोक दचकतील, पण त्यांच्या समजुतीला तडा जाणार नाही. आणि जादू छाटायला गेलात तर तिथली साम्राज्यं का उभी राहिली आणि का कोसळली याचं कारणच उरत नाही.

नियमांचंही तेच. फिफ्थ एडिशनमध्ये पहिल्या लेव्हलचा क्लेरिक (देवाच्या कृपेने जादू करणारा पुरोहित) ‘डिटेक्ट इव्हिल अँड गुड’ वापरतो आणि तीस फुटांच्या आत अ‍ॅबरेशन (जगाबाहेरचा विचित्र जीव) आहे की नाही ते त्याला समजतं. पाचव्या लेव्हलला त्याला ‘स्पीक विथ डेड’ मिळतो, मग प्रेतालाच पाच प्रश्न विचारता येतात. 2014 च्या डंजन मास्टर्स गाइड या नियमपुस्तकात वेडाचे तक्ते आहेत, पण साध्या ‘लेसर रिस्टोरेशन’ने अल्पकाळाचं आणि दीर्घकाळाचं, दोन्ही प्रकारचं वेड उतरतं. म्हणजे जे पाहून माणसाची झोप कायमची उडावी, त्यावर दुसऱ्या पातळीच्या स्पेलचा उतारा तयार आहे.

म्हणून कोणतंही सेटिंग हातात घेतलं की मी त्याला एकच प्रश्न विचारतो. गावात एक माणूस मेला, त्याला पुरलं, आणि तीन रात्रींनी तो आपल्याच दारात उभा राहून आत घ्या म्हणतोय. तिथला पुजारी काय करेल? त्याच्याकडे नेमकी प्रार्थना आणि नेमका मंत्र असेल तर ते जग बाजूला ठेवा. त्याला धर्मग्रंथातलं काहीच लागू पडत नसेल, तो वरिष्ठांना पत्र लिहीत असेल, आणि उत्तर यायला महिना लागणार असेल, तर ते जग कामाचं.

हार्न या परीक्षेत उत्तम उतरतं. एन. रॉबिन क्रॉस्बी यांनी हे जग रचलं आणि कोलंबिया गेम्सने ते 1983 मध्ये प्रसिद्ध केलं. लिथिया खंडाच्या वायव्येला एक बेट, त्यावर काल्डोर, रेथेम, कँडे अशी छोटी राज्यं, मधे मैलोन्‌मैल जंगल. सगळं साहित्य तिथल्या सन 720 ला येऊन थांबतं. प्रकाशकांनी अधिकृत इतिहास त्यापुढे मुद्दाम नेलेला नाही, त्यामुळे पुढे काय होतं हे पूर्णपणे तुमच्या हातात राहतं. शेतकरी पेओनीला भजतात, सरदार लरानीला. जादूगार आहेत, पण थोडे आणि लपून राहणारे. सामान्य माणसाचं आयुष्य जादूगाराला न पाहताच संपतं.

या जगाची खरी ताकद मात्र त्याच्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या भागात आहे. हार्नच्या जहागिरींच्या वर्णनात कुळांचे तक्ते असतात: कोणाकडे किती एकर, कोण किती दिवस वेठीला येतो, कोण मुक्त आणि कोण बांधील. बरेच गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे, हे तक्ते ओलांडून पुढे जातात. तुम्ही तिथेच थांबा, कारण तुमच्या भीतीचा पाया तिथे आहे.

माझ्या टेबलावरचं उदाहरण देतो. एका खेळाडूचं पात्र जहागिरीचा कारभारी होतं. मी त्याला कुळांचा तक्ता कागदावर दिला आणि पहिली काही सेशन्स निव्वळ कारभारात घालवली: बांधावरून भांडण, गिरणीचा कर, एका लग्नाची परवानगी. नावं खेळाडूंच्या तोंडात बसली. मग सुगीच्या वसुलीत एक घर जास्त भरलं. नाव, एकर, वेठीचे दिवस, सगळं तक्त्यात लिहिलेलं, शाई इतर ओळींइतकीच जुनी. धान्य कोठारात पोचलेलं. गावात कोणालाही विचारा, ‘ते होय, ते पहिल्यापासून आहेत’ हेच उत्तर. फक्त ते घर कुठे आहे ते कोणाला दाखवता येईना. कारभाऱ्याने साखळी घेऊन शेतं मोजली, तर गावाच्या एकूण जमिनीत तेवढे एकर बसतच नव्हते. टेबलावरचा खेळाडू मधेच जुना कागद काढून ओळी मोजत बसला. एक फासाही पडला नव्हता, कोणी काही पाहिलंही नव्हतं, आणि चौघांचे आवाज आपोआप खाली आले होते. हाच प्रसंग जादूने भरलेल्या शहरात ठेवला असता तर पहिलं वाक्य आलं असतं, ‘कोणीतरी इल्यूजन टाकलंय’, आणि विषय तिथेच मिटला असता.

आता या घट्ट जमिनीखाली काय आहे ते पाहा. हार्नवर अर्थमास्टर्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोणा प्राचीन लोकांचे अवशेष आहेत. एल्फ यायच्या आधीच ते नाहीसे झाले. ते कोण होते, कुठे गेले, याचं ठाम उत्तर सेटिंग देत नाही. त्यांच्या काही जागी गॉडस्टोन आहेत, जे माणसाला उचलून दुसरीकडे टाकतात. ती दुसरी जागा याच जगात असेल अशी खात्री नाही. शिवाय ईल्विर नावाचा देव आहे, त्याचं ठाणं अराका-कलाई. तिथून इवाशू बाहेर पडतात. हे चित्रविचित्र जीव एक देव निर्माण करतो, पण कशासाठी करतो हे कोणाला सांगता येत नाही. कॉस्मिक हॉररला लागणारं सगळं मूळ साहित्यातच आहे. वरून प्रसिद्ध हॉरर कथांतले सोंडांसारखे हात असलेले देव आणून ठेवायची गरज नाही, आणि माझं ऐकाल तर अजिबात ठेवू नका. खेळाडूंना नाव ओळखीचं वाटलं की ते मनातल्या मनात त्याच्या ताकदीचे आकडे आठवू लागतात.

दोन गोष्टी मात्र आवळाव्या लागतील. शेक-प्वार हा जादूगारांचा संघ खेळाडूंच्या हाती देऊ नका, आणि पुरोहितांचे चमत्कार बंद ठेवा. देवावर श्रद्धा राहू द्या, सण-उपास-नवस सगळं जोरात चालू द्या, फक्त उत्तर येऊ देऊ नका. पेओनीच्या भक्तिणीने मनापासून प्रार्थना करावी आणि पलीकडे शांतता असावी. एखाद्या रात्री उत्तर आलंच, तर ते तिच्या देवीचं आहे का, हा प्रश्न पुढची कित्येक सेशन्स पुरतो.

तपासाची पद्धतही बदला. आधुनिक काळातल्या हॉरर गेममध्ये वर्तमानपत्रं असतात, ग्रंथालय असतं. इथे बहुतेकांना वाचता येत नाही. म्हणून धागेदोरे दानपत्रांत, हद्दीच्या खटल्यांत, म्हाताऱ्या सुइणीच्या आठवणीत आणि मठातल्या खाडाखोड केलेल्या पानांत ठेवा. निरोप पोचायला आठवडे लागतात याचा पुरेपूर उपयोग करा. मदत मागवली आणि ती पोचेपर्यंत ज्यासाठी मागवली तो माणूसच ओळखू येईना, हे फक्त अशाच जगात जमतं.

नियमांसाठी फिफ्थ एडिशन सोडा. हार्नच्याच हार्नमास्टर या नियमांत हिट पॉइंट (पात्रात जीव किती उरला ते सांगणारा आकडा) नाहीत. जखम शरीराच्या कुठल्या भागावर झाली ते नोंदवतात, ती चिघळू शकते आणि माणूस त्यातच जाऊ शकतो. ते किचकट वाटलं तर केऑसियमचा ‘कॉल ऑफ क्थुलू’ हा हॉरर खेळ घ्या. तो 1981 पासून चालू आहे, टक्केवारीवर चालतो, आणि त्याचा सॅनिटीचा, म्हणजे पात्राचं भान किती शाबूत आहे ते मोजणारा, नियम उचलून हार्नवर बसवणं सोपं आहे. मी तेच करतो. एकच बदल: सॅनिटीचा आकडा मी पडद्यामागे ठेवतो. तो डोळ्यांसमोर असला की खेळाडू त्याला आणखी एक हिट पॉइंट समजून खर्च करतात.

हार्न पचलं नाही तर वॉरहॅमर फँटसी रोलप्ले या खेळाचं ओल्ड वर्ल्ड हे जग घ्या. पहिली आवृत्ती 1986 ची, सध्याची चौथी 2018 ची. उंदीर पकडणारा, नावाडी, कारकून अशी पात्रं तिथे मिळतात, आणि चौथ्या आवृत्तीतला ‘डार्क डील’ मला फार आवडतो: फासे पुन्हा टाकायचे असतील तर खेळाडू स्वखुशीने करप्शनचा, म्हणजे पात्र बिघडत जाण्याचा, पॉइंट घेतो. अडचण इतकीच की केऑस या तिथल्या दुष्ट शक्तीच्या चार देवांची नावं निम्म्या खेळाडूंना पाठ असतात. सिम्बारूम या खेळातलं दावोकार जंगल सुरेख आहे, पण तिथल्या करप्शनला निसर्गाच्या सूडाचं कारण चिकटलेलं आहे, आणि कारण सापडलं की विश्वाची बेफिकिरी उरत नाही. मॉर्क बॉर्ग या खेळात जग बुडायलाच निघालेलं असतं. रोज पहाटे फासा टाकायचा, एक पडला की एक अरिष्ट येतं, आणि सातव्याला जग संपतं. एक-दोन रात्रींसाठी जबरदस्त, पण मोडायला तिथे धड काही शिल्लक नसतं, म्हणून लांब कॅम्पेनला नको. शॅडो ऑफ द डीमन लॉर्ड या खेळात विश्वाबाहेरचा शत्रू आयताच मिळतो, पण जादू भरपूर आहे.

खेळाडूंना आधी सांगावं का, हेही तुम्ही विचारलंय. हॉरर आहे हे सेशन झिरोलाच, म्हणजे खेळाआधीच्या बैठकीतच, सांगा, आणि कोणाला काय सहन होत नाही ते विचारून लिहून ठेवा. पात्रं बनवताना प्रत्येकाला गावात घर, देणेकरी आणि एक नातलग द्यायला लावा. डी अँड डीच्या सवयीने कोणीतरी आई-वडील नसलेला भटका तलवारबाज घेऊन येईल. त्याला प्रेमाने नकार द्या आणि गिरणीवाल्याचा जावई करा.